सातव्या ग्रीनवरचे उंचवटे

आमच्या मामेसासऱ्यांइतकं गवतावर प्रेम करणारा जीव म्हशींच्या जातीबाहेर मी दुसरा पाहिलेला नाही. त्यातही म्हैस प्रेम करते ती शेवटी खाण्यासाठी. मामा नुसतं बघतात. उभ्यानं बघतात, उकिडवे बसून बघतात, आणि मनासारखं दिसलं नाही तर सरळ पालथे पडून, गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून बघतात. बडोद्यातल्या एका गोल्फच्या मैदानाचं गवत सांभाळण्यात त्यांनी उभं आयुष्य घालवलं, पण त्या खेळाची काठी हातात धरून चेंडू म्हणून एकदाही मारला नाही. का मारला नाही असं विचारलं, की म्हणायचे, "डॉक्टरनं कधी पेशंटच्या पोटावर नाचायचं असतं का?" मेंबर लोकांविषयी त्यांचं मत फार स्वच्छ होतं. गवताला होणाऱ्या उपद्रवांची एक यादी त्यांनी वहीत करून ठेवली होती. तिच्यात पांढरी अळी, वाळवी, रानडुक्कर आणि मेंबर याच क्रमानं होते. क्रम चढता होता हे त्यांनी स्वतःच मला समजावून सांगितलं.

मामांचे पूर्वज संस्थानच्या कारभारात नोकरीला म्हणून बडोद्यात आले आणि इथलेच झाले. घराण्यात कुणी दप्तरात, कुणी शाळाखात्यात, कुणी न्यायखात्यात. चिखलात पाय घालणारे मामाच पहिले. त्यांच्या आईंना हे फार दिवस झेपलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर "तो बागायतीकडे असतो" असं त्या अशा काही खर्जात सांगायच्या, की ऐकणाऱ्याला चारपाच गावांच्या आमराया मामांच्या ताब्यात आहेत असं वाटावं. प्रत्यक्षात मामांच्या ताब्यात नऊ ग्रीन होत्या. ग्रीन म्हणजे झेंडा रोवलेलं भोक असतं, त्याच्याभोवतीचा तो गालिच्यासारखा तुकडा, जिथे चेंडू हळूच ढकलायचा असतो. तिथलं गवत म्हणजे आपली दूर्वाच. "गणपतीला वाहतो तीच ही," मामा सांगायचे, "फक्त हिचं शिक्षण परदेशात झालंय." आणि गणपतीची दूर्वा असल्यामुळे तिच्यावर पायताण घालून जायचं नाही, हा त्यांचा दंडक. मेंबरांपुढे त्यांचा इलाज चालत नसे; पण बाकी कुणीही असो, आधी चपला काढा. मामा स्वतः जोडे काखेत मारून फिरायचे. मात्र गणेशचतुर्थीला आम्ही कुणी जुडीभर दूर्वा मागितली, तर ग्रीनवरची एक काडी ते देत नसत. रस्त्याच्या कडेची खुडून आणून द्यायचे आणि वर म्हणायचे, की देवाला काही शिक्षणाचं कौतुक नसतं.

अनवाणी चालून जमीन तपासणं ही त्यांची विद्या. डोळा फसतो, पाय फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मांजलपूरच्या एका पार्टी प्लॉटवर आमच्या नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या रांगेतून मामा एकाएकी नाहीसे झाले, ते मला लॉनच्या दुसऱ्या टोकाला अनवाणी, मान खाली घालून, एकेक पाऊल मोजून टाकताना सापडले. तोवर मुलीकडचे चार सज्जन त्यांच्यामागे तसेच मान खाली घालून चालत होते. काकांची अंगठी पडली असावी अशी त्यांची समजूत. त्यातल्या एकानं तर मोबाईलचा दिवाही लावला होता. मामांनी त्या सर्वांना गोळा करून शांतपणे सांगितलं, की या लॉनला भर दुपारी पाणी पाजतात, हे वाईट आहे. मग ते जेवायला गेले.

पण मामांचा खरा अवतार बघायचा तर वसंतात. इतर लोकांना फाल्गुन लागला हे केसुडो, म्हणजे आपला पळस, फुलल्यावर कळतं. मामांना ते कडुलिंबावरून कळायचं. आमच्याकडे त्याच सुमाराला कडुलिंब पानं टाकतो, आणि मैदानाभोवती पन्नास-पाऊणशे कडुलिंब. मामा तो स्वतःचा अपमान समजत. सकाळी झाडून घेतलेली ग्रीन तासाभरात पिवळी झाली, की ते वर बघून त्या झाडाशी चक्क भांडायचे, आणि भांडताना गुजरातीवर यायचे, कारण घरात त्या भाषेत कुणाला बोलायची सवय नव्हती म्हणून ती शिल्लक राहिली होती. याच दिवसांत तीन आठवडे सगळ्या ग्रीन बंद ठेवून त्यांची डागडुजी चालायची. बोटाएवढ्या मातीच्या कांड्या उपटणारं यंत्र फिरवून जमिनीला हजारो भोकं पाडायची, त्यांत वाळू भरायची, वरून रोलर फिरवायचा. जमिनीला श्वास घेता यावा म्हणून हे करतात. मेंबरांना अर्थातच ते बघवत नसे. एक मेंबर एकदा कळवळून म्हणाला, की काका, तुम्ही याची पार चाळण केलीत. मामा म्हणाले, "अकरा महिने तुम्ही उरावर बसलात, आता तीन आठवडे जरा उठा."

त्या तीन आठवड्यांत मामा कुणाचेच नसत. फाल्गुनातल्या लग्नांना त्यांचे आशीर्वाद फोनवरून जायचे. वाळू मही नदीची लागायची, ती धुऊन, वाळवून, चाळून घ्यायची, आणि चिमूटभर दाताखाली धरून तपासायची. कडकड वाजली तर चांगली, नुसती विरघळली तर तिच्यात माती. मामी म्हणायच्या, की इतर बायका भातात खडा लागला तर तांदूळ निवडतात, मी यांचे खिसे झटकते. चाळणी घ्यायला ते लहरीपुऱ्याच्या बाजारात जायचे ते रुमालात वाळूचा नमुना बांधूनच. एकदा मी बरोबर होतो. दुकानदाराच्या एकेका चाळणीतून त्यांनी गल्ल्यासमोर वाळू चाळून बघितली. सहाव्या चाळणीला तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, रवो चाळवो छे के घर बांधवुं छे?" मामा म्हणाले, "गणपतीचं आसन करायचंय." दुकानदारानं मुकाट्यानं सातवी चाळणी काढून दिली.

हे सगळं मी इतकी वर्षं घरोघर सांगून लोकांना हसवत आलो. मामांची नक्कल करण्यात माझा हात धरणारा आमच्या सासरी कुणी नव्हता. आणि मग एका जानेवारीत दाढी करताना माझ्या हातातला वस्तरा गळून पडला. उजवी बाजू गेली. वय पन्नास. दवाखान्यात महिनाभर काढून घरी आलो तेव्हा हात बराचसा परतला होता, बोलणंही सुधारलं होतं, पण उजवा पाय माझा राहिला नव्हता. तो माझ्या मागून फरफटत यायचा. डॉक्टरांनी बायकोला स्पष्ट सांगितलं, की जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येतं, याला चालवा. चालवणार कोण? व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना मी तीनदा परत पाठवलं. सोसायटीच्या आवारात फिरायला जावं, तर समोरच्या गॅलऱ्यांतून जी हळहळ खाली टपकायची ती मला सोसवत नसे. मी खुर्चीत बसून राहिलो. पाय गेला आणि त्याच्याबरोबर अलकापुरीतलं ऑफिस, तिथली माझी खिडकीजवळची जागा, सगळं गेलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बायको स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून रडायची, म्हणजे मला ऐकू जाऊ नये.

मामा दवाखान्यात एकदाच आले होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पायावरची चादर उचलली, दोन्ही तळवे नीट निरखले, "तळवा चांगला आहे" एवढं म्हणाले आणि गेले. मला इतका राग आला होता, की ते सांगतानाही मी नक्कल करू शकलो नाही. फेब्रुवारी संपताना ते घरी आले, पायांना वाळू लागलेलीच. बसले नाहीत. म्हणाले, "जावईबापू, मला एक पाय हवाय."

मी म्हटलं, दोन्ही घेऊन जा, मला नकोयत.

मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी ऐकत राहिलो. धडधाकट माणसाचा पाय उचलला जातो, तो लहानसहान खळगे न सांगता ओलांडून जातो. त्यांचा स्वतःचाही आता तसाच चावट झाला होता, मुख्य माळी रमणभाईंचा तर होताच. घासत जाणारा पाय मात्र एक कण सोडत नाही. असा पाय त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. तीन आठवडे ग्रीन बंद, मेंबर नाहीत, मोर सोडले तर बघायला कुणी नाही. सकाळी सहाला रिक्षा येईल. माझं उत्तर न ऐकताच ते निघून गेले, आणि बायकोनं माझ्या पायजम्याला इस्त्री केली.

पहिल्या दिवशी पहिल्या ग्रीनच्या काठावर त्यांनी माझी काठी काढून घेतली. काठीनं खड्डे पडतात, ग्रीनवर काठी चालत नाही. रमणभाई एका हाताच्या अंतरावर चालत होते, पण धरायचं नाही असा त्यांना हुकूम होता. माझ्या खिशात कडुलिंबाच्या वाळक्या काड्या. पाय जिथे अडेल तिथे वाकायचं आणि एक काडी रोवायची; मागाहून रमणभाई तिथे वाळू भरून जमीन सारखी करणार. वाकणं हाच एक पराक्रम होता. तिसऱ्या काडीला मी आडवा झालो. मामा धावत आले, माझ्या अंगाखालचं गवत बघून घेतलं आणि मग मला विचारलं, लागलं का? मी संतापून बघितलं तर म्हणाले, "तुमचं खरचटलेलं चार दिवसांत भरेल. हिला दोन महिने लागतात." मला उठायचा हात मात्र त्यांनीच दिला.

सातवी ग्रीन सगळ्यांत वाईट. तिथे इतक्या काड्या रोवल्या गेल्या, की ते एक साळिंदर झालं. घरी परतताना मात्र दीड महिन्यात पहिल्यांदा मला भूक लागली होती. रिक्षावाल्याला थांबवून मी सेव-उसळ खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मी आपलं काम झालंय का ते तपासायला निघालो. सातव्या ग्रीनवर काड्या उपटलेल्या होत्या, पण वाळूचा पत्ता नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे सगळं नाटक होतं, आजाऱ्याला खेळवायचं. मी तिथेच काठावर बसलो आणि म्हटलं, रिक्षा बोलवा, मी उद्यापासून येणार नाही. मामांनी वळून रमणभाईंना असं काही फैलावर घेतलं, की झाडावरचे मोर उडाले. तीस वर्षांत एकमेकांना अरे न म्हटलेली माणसं ती. जिथे साहेबांनी काडी लावली तिथे वाळू पडली नाही म्हणजे काय? रमणभाईंनी जमिनीकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि खालच्या मानेनं "भूल थई गई" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्रत्येक काडीच्या जागी वाळूचा ताजा, दाबून बसवलेला ठिपका असे. मी ते मोजत असे, खोटं कशाला बोलू.

मग मी असह्य झालो. घरी जमिनीच्या पोताविषयी व्याख्यानं देऊ लागलो. सोसायटीच्या आवारात चालताना गॅलऱ्यांकडे लक्ष जाईना, कारण फरशीतले दोष दिसायला लागले होते. दुसरा आठवडा संपताना काड्या कमी लागू लागल्या, आणि मला काळजी पडली, की माझ्या कामात ढिलाई येतेय. मी जास्त सावकाश, जास्त मन लावून चालू लागलो. मामा हल्ली माझ्या मागून चालायचे. जमिनीकडे न बघता ते माझ्या टाचेकडे बघताहेत हे मला कळलं नाही. एकोणिसाव्या दिवशी मी नऊ ग्रीन फिरून आलो तेव्हा मूठभर काड्या तशाच खिशात होत्या. मामा समोर येऊन उभे राहिले.

"जावईबापू, उद्यापासून येऊ नका. पाय उचलायला लागला तुमचा. आता तुमचा मला काही उपयोग नाही."

नोकरीवरून काढल्याचा इतका आनंद कुणालाही झाला नसेल. मला मात्र तो लगेच झाला नाही; आधी चक्क वाईट वाटलं. रिक्षात बसल्यावर काठी मैदानावरच राहिल्याचं लक्षात आलं, आणि मग मला रडू फुटलं ते मांजलपूर येईपर्यंत थांबलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मी ऑफिसात रुजू झालो, जिना चढून. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत आमचे एक वरिष्ठ, जे त्या मैदानाचे मेंबर होते, करवादून सांगत होते, की यंदाच्या स्पर्धेचा त्या म्हाताऱ्यानं विचका केला. सातव्या ग्रीनवर सगळीकडे बारीक उंचवटे, चेंडू सरळ जाईचना. कमिटीनं बोलावून जाब विचारला. दरवेळी तासभर भांडणारा माणूस, यंदा हात जोडून म्हणाला, की माझी नजर चुकली, दोष माझा. वय झालं आता त्यांचं, असं म्हणून वरिष्ठांनी डबा बंद केला. ते माझे कुणी लागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ते सांगायचं धैर्य झालं नाही.

त्या संध्याकाळी मी रिक्षा करून मैदानावर गेलो. रमणभाई नळी गुंडाळत होते. मी विचारल्यावर त्यांनी आधी नळी पुरती गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "जमीन तो सपाटज हती, जमाईसाहेब." सातवी ग्रीन सगळ्यांत सपाट होती, मी तिथे पोहोचेपर्यंत दमलेला असायचो एवढंच. मी जिथे जिथे काडी लावली तिथे काहीच नव्हतं. अडखळत होता तो पाय. वाळू टाकली तर नसलेले उंचवटे तयार होतील हे रमणभाईंनी त्या तिसऱ्या दिवशी, मी गेल्यावर, मामांना सांगितलं होतं. मामांनी आधी झाल्या बोलण्याबद्दल त्यांची माफी मागितली. मग म्हणाले, की सपाट आहे हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कळलं तर ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसतील. टाका वाळू.

ज्या माणसानं जुडीभर दूर्वा देवाला दिली नाही, त्यानं आपली सगळ्यांत चांगली ग्रीन माझ्या रुसव्यापायी हातानं बिघडवली होती, आणि कमिटीपुढे उभं राहून आपल्या नजरेवर दोष घेतला होता. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा जुळवलं. आपल्या घरांतून आभार मानायची पद्धत नाही, ते सभेच्या शेवटी मानतात. मी एवढंच म्हटलं, "मामा, सातवी ग्रीन..." ते पेपर वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "पावसाळ्यात बसेल ती वाळू. जिना चढून आलात का लिफ्टनं?" मी म्हटलं, जिन्यानं. त्यांनी मामींना चहा टाकायला सांगितलं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांची नजर माझ्या पायावर होती.

वाळू खरंच बसली. पुढच्या वर्षी ती ग्रीन पुन्हा सगळ्यांत सपाट झाली, आणि त्यानंतरच्या वर्षी मामा निवृत्त झाले. आता गुडघ्यांमुळे त्यांना घराच्या दारापलीकडे चालवत नाही. मी दर वसंतात, ग्रीन बंद असताना, रमणभाईंना सांगून एक सकाळ अनवाणी नवाच्या नऊ फिरून येतो आणि परस्पर मामांकडे जातो. ते एकच विचारतात, कुठे अडखळलात का? मी सांगतो, कुठेच नाही. एखाद्या वर्षी वाटतं, खोटंच सांगावं, की सातव्यावर अडलो. गुडघेबिडघे विसरून लगेच जोडे काखेत मारून निघतील. पण मी नाही म्हणेपर्यंत ते श्वास धरून असतात, म्हणून मग मी खरं तेच सांगतो.